सातव्या प्रतिवादीची कैफियत

"शालिनी तोडणकर कोण?"

विहिरीच्या काठावरून कोणीतरी हाक मारली तेव्हा मी आतल्या पायरीवर गळ्याइतक्या पाण्यात उभी होते आणि माझ्या दोन्ही तळहातांवर दुसरीतली गोजिरी पालथी पडून हातपाय मारत होती. तिच्या पाठीला सुका भोपळा बांधलेला होता. पायऱ्यांवर आणखी आठ-दहा मुलं कुडकुडत आपल्या पाळीची वाट बघत होती. जानेवारीचा शनिवार होता, शाळा नुकती सुटली होती. बाहेर गारठा असला तरी अशा दिवसांत विहिरीचं पाणी कोमट लागतं, म्हणून मुलं एकदा आत शिरली की बाहेर निघायला तयार नसतात.

"मीच," मी खालून ओरडले. "पण आत्ता माझे हात रिकामे नाहीत."

"मी कोर्टाचा बेलिफ. समन्स आहे. सही पाहिजे."

"ही पोरगी काठाला लागू दे, मग देते."

बेलिफ बिचारा सज्जन होता. गोजिरी काठाला लागेपर्यंत उभा राहिला, वर "पाय लांब मार, बाळा, पाय!" असं सांगतही होता. मग मी ओल्या कपड्यांनी वर आले, पदरासारखा टॉवेल घेतला, हात पुसले आणि सही केली. तरी सहीवर एक थेंब पडलाच.

"सही फुटली की हो," तो म्हणाला.

"कुठे आलात ते बघा. विहिरीवर आलात."

तो हसत पुढच्या घराकडे गेला. त्याच्या पिशवीत तसेच आणखी सहा कागद होते.

आता मी कोण, ते सांगते. मी मूळची कोकणातल्या हर्णैची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून बदलीने हिंगणसोंडला आले. पुढे बदल्या आजूबाजूच्या गावांत होत राहिल्या, पण बिऱ्हाड इथून हललं नाही. निवृत्तही इथेच झाले. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला पोहता न येणारं मूल बघवत नाही. इथे विहिरी खोल आणि मुलं धीट, म्हणजे काळजीच. म्हणून मी मुलांना पोहायला शिकवायला लागले. बाई पंजाबी ड्रेस घालून विहिरीत उतरतात हे बघून गावाने पहिल्या वर्षी नाकं मुरडली, दुसऱ्या वर्षी मुलगे पाठवले आणि तिसऱ्या वर्षी मुली.

विहीर फडतऱ्यांच्या भावकीची. सात घरं, आठवड्याचे सात वार, प्रत्येक घराला पाण्याची एकेक पाळी. त्यातल्या रंगराव फडतऱ्याने नवी मोटार बसवली आणि तिच्यावर त्याचा इतका जीव जडला, की पोरांनी मुटका मारून उडी टाकली आणि चार शिंतोडे मोटारीवर उडाले तरी तो घरातून धावत यायचा. शेवटी त्याने दावा लावला. विहीर आपल्या आजोबांनी खोदलेली, ती एकट्याची आहे, बाकीच्या सहा घरांना मनाई करावी, आणि तिथे मुलं जमवणाऱ्या तोडणकर बाईंनाही करावी. सहा घरं म्हणजे सहा प्रतिवादी. सातवी मी.

"बाई, समन्स म्हणजे काय?" मुलांनी मला घेरलं.

मी पायरीवर बसले. "वर्गात कोणी येऊन सांगतं ना, बाई, हिने माझी पेन्सिल घेतली? मग बाई काय करतात?"

"तिला उभं करतात."

"आणि?"

"विचारतात, तुझं काय म्हणणं आहे."

"तसंच कोर्ट विचारतंय. रंगराव आजोबांनी माझी तक्रार केलीय. आता माझं म्हणणं काय, ते लिहून द्यायचं."

गोजिरीने केस पिळले. "आणि तुम्ही काहीच म्हटलं न्हाई तर?"

"तर कोर्टाला वाटेल, पेन्सिल मीच घेतली."

"मग सांगा की पटकन!" ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्यात उतरली.

पटकन सांगायचं ठरवूनच आम्ही सातही जण सोमवारी तालुक्याला मुजावर वकिलांकडे गेलो. त्यांचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर होतं. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि कायद्याच्या पुस्तकांवर ज्वारीचं पीठ बसायचं. वकील गोलमटोल, हसरे, आणि आवाज गिरणीला पुरून उरणारा.

"हे बघा," ते म्हणाले, "दाव्याला तुम्ही जे लेखी उत्तर द्यायचं त्याला कैफियत म्हणतात. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत ती कोर्टात गेली पाहिजे. नाही जमलं तर योग्य कारण सांगून मुदत वाढवून मागता येते, पण ती ताणून ताणून नव्वद दिवसांपर्यंत. त्याच्यापुढे कोर्टाचे पाय धरायची वेळ येते. एकदा 'विना कैफियत' असा हुकूम झाला की रंगराव बोलणार आणि तुम्ही ऐकणार. मग उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरीला कुलूप."

"तीस दिवस रग्गड झाले," ज्ञानू आण्णा म्हणाले. "तुम्ही लिवा."

वकिलांनी आठवड्यात मसुदा केला. सगळ्यांची मिळून एकच कैफियत, खाली सात सह्या. आम्ही पुन्हा जमलो. वाचून झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, वकिलांनी पेनाचं टोपण काढून पेन टेबलाच्या मधोमध ठेवलं.

ज्ञानू आण्णांनी हात पुढे केला. आण्णा सत्तरी पार केलेले, भावकीत वयाने सगळ्यांत मोठे, पण घराणं धाकटं. त्यांच्या शेजारी उदयसिंह बसला होता. त्याची तिशी जेमतेम, पण घर थोरलं, आणि वडील गेल्यापासून त्या घराचा कर्ता तोच.

उदयसिंह खाकरला. "आण्णा, जरा थांबा."

"का रं?"

"पैली सही थोरल्या घराची."

आण्णांनी हात तसाच हवेत ठेवला. "घर थोरलं आसंल. तू कवाचा थोरला? तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात."

"होळीत पैली पोळी कुणाची पडती?"

"ते होळीचं. ह्यो कोर्टाचा कागुद हाय."

"कागदावर बी घर बघूनच नावं घातल्यात. प्रतिवादी नंबर एक, उदयसिंह फडतरे."

"नंबर रंगरावानं घातल्यात. तुझा मान आता रंगराव ठरवणार व्हय?"

उदयसिंहाने पेनावरची नजर हटवली नाही. मधली चार घरं भिंतीला पाठ लावून बसली होती. वकिलांनी त्यांच्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही तरी करून टाका."

"त्यांचं ठरू द्या," चौघांतला एक म्हणाला. "मग आम्ही हाईच की."

"अहो, सहीचा क्रम कोर्ट बघतसुद्धा नाही!"

"कोर्ट बघत नसंल," आण्णा म्हणाले. "गाव बघतंय न्हवं?"

"गावाला कैफियत कोण दाखवणार?"

"रंगराव. त्याला एक प्रत द्यावी लागती ना? पारावर बसून वाचून दाखवंल. कुणाची सही वर, कुणाची खाली."

रंगराव तसं नक्की करणार, हे वकिलांनाही माहीत होतं. शेवटी मीच उठले, कागदाच्या तळाशी सातव्या जागी सही केली आणि पेन परत ठेवलं. वरच्या सहा जागा कोऱ्याच राहिल्या.

तीस दिवस झाले तेव्हाही त्या कोऱ्याच होत्या.

वकिलांनी मुदतवाढीचा अर्ज दिला. मी त्या दिवशी कोर्टात मागे बसले होते. न्यायाधीश साहेब तरुण होते आणि चष्म्यावरून बघायचे.

"सह्या का झाल्या नाहीत? प्रतिवादी परगावी आहेत?"

"नाही साहेब. सगळे एकाच गावात."

"आजारी आहेत?"

"ठणठणीत आहेत साहेब."

"मग?"

मुजावर वकील क्षणभर छताकडे बघत राहिले. "ठणठणीत आहेत, हीच अडचण आहे साहेब."

साहेबांनी कारण लिहून घेतलं, 'प्रतिवादी अनेक असून त्यांच्यात एकवाक्यता होण्यास अवधी लागत आहे', आणि मुदत दिली. बाहेर आल्यावर वकिलांनी कपाळ पुसलं. "बाई, तुम्ही शिक्षिका. पोरांची भांडणं सोडवण्यात जन्म गेला तुमचा. ही दोन पोरं सांभाळा."

मी हौसेने कामाला लागले. पहिल्यांदा मी सांगितलं, की सह्या एकाखाली एक न करता गोल करू, म्हणजे पहिलं कोणी नाही आणि शेवटचंही कोणी नाही. उदयसिंहाला पटलं. आण्णांनी ताटलीएवढा गोल काढून बघितला आणि विचारलं, "घड्याळात बारा वाजत्यात तिथं कोण?" मग मी दोन प्रती करायला सुचवलं, एकीवर आण्णा वर आणि दुसरीवर उदयसिंह वर. आण्णांना पटलं. उदयसिंहाने विचारलं, "फायलीत वरची परत कुठली?" चिठ्ठ्या टाकायचंही मी बोलले. त्यावर मात्र दोघं एकदम खवळले. मान काय चिठ्ठीवर ठरतो?

मध्येच होळी आली. पहिली पोळी थोरल्या घराची पडली, आणि ज्ञानू आण्णा जन्मात पहिल्यांदा होळीला आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गोठ्यावर गेले. ते म्हशीला वैरण घालत होते.

"बसा बाई. च्या घेणार?"

"चहा नको. सही हवीय."

ते हसले. वैरणीची पेंढी सोडत म्हणाले, "तुम्हाला वाटत आसंल, म्हातारा आडमुठा हाय. बाई, धाकट्या घरात जल्माला आलो. लग्नात मागं, जत्रंत मागं, पंगतीत मागं. मी कधी कुरकुर केली न्हाई. पर हितं आता माझ्याएवढं म्हातारं कुणी उरलं न्हाई. एकदा माझं नाव वर लागलं तर कुणाचं काय बिघडतं?"

तिथून उठून मी उदयसिंहाकडे गेले. तो ट्रॅक्टरखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता.

"बाई, माझं आण्णांशी वैर न्हाई," तो खालूनच म्हणाला. "वडील गेले आन् घर माझ्यावर पडलं. आत्ता मी मागं सरलो तर आख्खी भावकी म्हणंल, पोरानं थोरल्या घराचा मान घालवला. बापाच्या माघारी. ते मी कसं ऐकून घेऊ?"

दोघांचंही खरं होतं. शाळेत अशी भांडणं सर्वांत अवघड. एक जण खोटा असला की काम सोपं जातं.

परतताना रंगरावाच्या दारावरून गेले. त्याच्या भिंतीला एक लोखंडी जाळी टेकवून ठेवली होती. विहिरीच्या तोंडाला नेमकी बसेल एवढी, आणि तिला हिरवा रंगही देऊन झाला होता. रंगराव ओट्यावर शेंगा सोलत बसला होता.

"काय बाई? झाली का कैफियत?"

"होईल."

"होऊ द्या सावकाश. मला काई घाई न्हाई." त्याने जाळीकडे बघितलं. "रंग वाळायला बी येळ लागतोच की."

त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. उलट मजाच वाटत होती त्याला. भावकी त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

शेवटचा दिवस एप्रिलच्या अखेरीस आला. शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या. गोजिरी आणि तिची टोळी रोज सकाळी माझ्या दारात येऊन विचारायची, विहीर कधी. मी कोर्टात गेले तर सहाही प्रतिवादी आधीच हजर. इस्त्रीचे कपडे, आण्णांना तर फेटा. क्षणभर मला वाटलं, मिटलं. पण प्रत्येक जण समोरचा माघार घेईल तो क्षण डोळ्यांनी बघायला आला होता.

मुजावर वकील काळा कोट खांद्यावर टाकून व्हरांड्यात आले. "मंडळी, आज कोर्ट उठायच्या आत कागद टेबलावर गेला नाही तर मी घरी जाऊन झोपतो. तुम्ही विहिरीवर जा आणि एकेक उडी मारून घ्या. शेवटची."

कोणी हललं नाही. जेवणाची सुट्टी जवळ आली. वकील बाकावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक वाट आहे. एकाने कैफियत द्यायची. बाकीच्यांनी एकेक पुरसीस द्यायची."

"ती काय आसती?"

"कोर्टाला दिलेली दोन ओळींची चिठ्ठी. अमक्याची कैफियत तीच माझी कैफियत समजावी, एवढंच लिहायचं. प्रत्येकाचा कागद वेगळा. त्यावर एकट्याचीच सही. वर कोणी नाही, खाली कोणी नाही."

आण्णांचा चेहरा उजळला. मग लगेच विझला. "आन् कैफियत कुणाची?"

"तुमची घ्या."

"म्हंजे आण्णांचं म्हणणं ते माझं म्हणणं?" उदयसिंह म्हणाला. "आसं मी लिवून देऊ?"

"मग तुमची घेऊ."

"ते तर न्हाईच न्हाई," आण्णा म्हणाले.

वकील मधल्या चार घरांकडे वळले. चौघंही आपापल्या चपला बघायला लागले. त्यांतला कोणी पुढे झाला असता तर दोघांनी मिळून त्याला जन्मभर ऐकवलं असतं.

मी बाकाच्या टोकाला बसले होते. म्हटलं, "माझी चालेल?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी तिथे आहे हे त्यांना तेव्हाच कळल्यासारखं.

"बाईंची?" आण्णांनी फेटा सारखा केला. "बाई काय भावकीत न्हाईत."

"मानापानात बी न्हाईत," उदयसिंह म्हणाला.

"त्यांच्या मागनं चाललो, तर कुणाच्या मागनं चाललो आसं हुतच न्हाई."

"व्हय की," चौघांतला एक जण इतक्या उत्साहाने म्हणाला की बाकीचे हसले. "बाई गिनतीतच न्हाईत!"

मलाही हसू आलं. मुलं लपंडाव खेळतात तेव्हा एखाद्या लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो पळतो, लपतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. एवढी वर्षं गावात काढून मी अजून कच्चा लिंबू होते, आणि आज नेमकं तेच कामाला येत होतं. आनंद झाला. थोडं कुठेतरी टोचलंही, पण टोचणी बघायला वेळ नव्हता.

"पण बाईंचा विहिरीत हिस्सा नाही," वकील पुटपुटले. "त्या हिश्शाचं कसं लिहिणार?"

"मी बघितलंय तेवढंच लिहीन," मी म्हटलं. "मी या गावात आल्यापासून सात घरांचे सात वार बघतेय. रंगरावांचा मंगळवार. मंगळवार उजाडेपर्यंत ते मोटारीला हात लावत नाहीत. दावा लावल्यानंतरसुद्धा नाही. विहीर एकट्याची असती तर पाळीची वाट कोण बघेल?"

वकील उठून उभे राहिले. "पाळीचं माझ्या मसुद्यात आहेच. पण तिथे ते सहा हिस्सेदार सांगत होते. ज्याला घेणं-देणं नाही असं माणूस सांगतंय म्हटल्यावर त्याला वेगळंच वजन. चला!"

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टंकलेखक बसायचा. तो डबा उघडून पहिला घास घेणार तोच वकिलांनी त्याला गाठलं. मसुद्यातलं 'आम्ही' जाऊन 'मी' आलं, पाळ्यांचा मजकूर वर गेला, आणि बाकी तसंच राहिलं. मी वाचलं, खाली सही केली, आणि हे सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे अशा प्रतिज्ञेखाली पुन्हा सही केली.

मग सहा पुरसिशी. सहा कागद सहा हातांत. मी सुटकेचा निःश्वास टाकणार तेवढ्यात लक्षात आलं, की कोणीच सही करत नाहीये. सहाही जण पेन धरून एकमेकांकडे बघत होते.

"आता काय?" वकील किंचाळले.

"आधी कोण करतंय?" आण्णांनी विचारलं.

मी उभी राहिले. मुलांना एका ओळीत काठावर उभं करून एकदम सोडते त्या आवाजात म्हटलं, "सगळ्यांनी कागद टेकवा. मी तीन म्हणेन तेव्हा. कोणी आधी केली तर कागद फाडून पुन्हा!"

आण्णांनी कागद भिंतीला लावला. उदयसिंहाने मोटरसायकलच्या सीटवर ठेवला. कोणी बाकावर, कोणी एकमेकांच्या पाठीवर. टंकलेखक घास हातात धरून बघत होता.

"एक, दोन, तीन!"

सहा पेनं एकदम चालली. आण्णांची सही मोठी, म्हणून ते शेवटी वर आले, पण सुरुवात बरोबर झाली होती हे सगळ्यांनी मान्य केलं.

आमचं प्रकरण पुकारलं तेव्हा दुपार कलली होती. रंगराव आपल्या वकिलांशेजारी बसला होता. मुजावर वकिलांनी सात कागद पुढे केले. रंगरावाचे वकील उठले. "साहेब, माझी हरकत आहे. आज मुदतीचा शेवटचा दिवस."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "शेवटचा दिवस मुदतीतलाच असतो ना?"

ते खाली बसले. रंगरावाने आमच्याकडे बघितलं, आणि त्याची भुवई वर गेली. एवढं त्याच्या हिशोबात नव्हतं.

साहेब पुरसिशी चाळत होते. "सहा हिस्सेदार, आणि सहाही जण सातव्या प्रतिवादीचं म्हणणं स्वीकारतायत. ज्यांचा हिस्साच नाही त्यांचं." त्यांनी मान वर केली. "एकेकाने पुढे येऊन सांगा. कागदावर काय लिहिलंय ते समजलंय ना?"

दाव्यातल्या नंबराप्रमाणे उदयसिंहाचं नाव पहिलं पुकारलं. तो पुढे गेला, हात जोडले. "समजलंय साहेब. तोडणकर बाईंचं म्हणणं तेच माझं म्हणणं."

मग दुसरा. "बाईंचं म्हणणं तेच माझं." मग तिसरा. चौथा थोडा अडखळला आणि म्हणाला, "बाई म्हणत्यात ते खरं." पाचवा. सहावे ज्ञानू आण्णा, फेटा सावरत. "बाई जे म्हणतील ते माझं म्हणणं, साहेब."

मी मागे भिंतीशी उभी होते. व्हरांड्यात हे सगळं सहीच्या भांडणातून निघण्याची युक्ती होतं. इथे एकेक माणूस पुढे जाऊन हात जोडून तेच म्हणत होता, आणि ते ऐकताना मला पदर शोधावा लागला. पंजाबी ड्रेसला पदर नसतो हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"बाई, पुढे या," साहेब म्हणाले. "तुम्ही काय करता?"

"निवृत्त शिक्षिका आहे, साहेब. मुलांना पोहायला शिकवते."

"मूळच्या इथल्या?"

"नाही. हर्णैची. सध्या हिंगणसोंडला असते."

"सध्या कसलं, साहेब?" मागून आण्णा म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"कसं न बोलू? ती कैफियत माझीबी हाय. आत्ताच न्हाई का म्हटलं?"

कोर्टात कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी ओठ दाबले. "बरं. काय चुकलंय?"

"टायपानं वर लिवलंय, 'सध्या राहणार हिंगणसोंड'. मी मघाशी लिंबाखाली वाचलं. सध्या म्हंजे काय? माझ्या नातवंडांना ह्यांनी पाण्यात सोडलं, उद्या परतवंडांना सोडतील. सध्या कशाला पायजे? राहणार हिंगणसोंड. संपलं."

साहेबांनी रंगरावाच्या वकिलांकडे बघितलं. "काही हरकत?"

वकिलांनी रंगरावाकडे बघितलं. रंगरावाने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "त्याला माझी काय हरकत? गावाच्याच हाईत की बाई. आमचं भांडण विहिरीचं हाय."

मी पुढे झाले. मुजावर वकिलांनी 'सध्या' या शब्दावर रेघ ओढली. कोर्टात खाडाखोडीशेजारी सही करायची असते, तशी मी केली. या वेळी थेंब पडू दिला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. निकाल लागेपर्यंत विहिरीला जाळी बसवावी हा रंगरावाचा अर्ज साहेबांनी फेटाळला. दावा दोन वर्षं चालला आणि तडजोडीत संपला. मुलांनी मोटारीच्या बाजूने उडी मारायची नाही, एवढं आम्ही कबूल केलं. ती हिरवी जाळी रंगरावाने कोंबड्यांच्या खुराड्याला लावली, आणि गोजिरी तर दाव्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात भोपळ्याशिवाय पैलतीराला लागली होती.

पण त्या दिवशी संध्याकाळी आम्ही एस.टी.त बसलो तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. कागद फायलीत गेला होता, एवढंच. मी खिडकीशी बसले. मागच्या सीटवर आण्णा आणि उदयसिंह.

"आण्णा, ते 'सध्या'चं मी बोलणार हुतो," उदयसिंह म्हणाला.

"मग तोंड उघडायचं."

"मी उठतच हुतो. तुम्ही मधी बोलला."

"तुला सुचलं तरी हुतं का?"

"कागद टाइप झाला तवाच सुचलं! आन् असलं काई कोर्टात बोलायचं तर ते थोरल्या घरानं बोलायचं आसतं."

"बाई माझ्या नातवंडांच्या बाई हाईत. मी बोलणार न्हाई तर कोण बोलणार?"

"माझी पोरगी काय बाईंकडं पवायला जाती न्हाई?"

गाव येईपर्यंत ते भांडण चाललं. कंडक्टरने दोनदा मागे वळून बघितलं. एरवी मी अशा वेळी उठून दोघांच्या मध्ये बसते आणि हातात हात द्यायला लावते. त्या दिवशी बसले होते तिथेच बसून राहिले. माझ्यावरून या गावात कोणी पहिल्यांदाच भांडत होतं, आणि ते लवकर मिटू नये असं मला मनापासून वाटत होतं.